बटण सुनेचं, आकडे सासूबाईंचे

राष्ट्रीय लॉटरीच्या सोडतीचं बटण जी बाई दाबायची, तिला गल्लीत सगळे बटणवाली म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं. एवढंच की बटण दाबणं हा तिच्या कामातला सगळ्यात छोटा भाग होता. खरं काम त्याआधी दुपारभर चालायचं.

दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी ती आणि बाहेरच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेकडून आलेला एक तपासनीस, अशी दोघं मिळून सोडतीच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडत. कपाटाला दोन कुलपं. एकाची किल्ली तिच्याकडे, दुसऱ्याची त्याच्याकडे; एकट्याने कोणालाच ते उघडता येत नसे. आत चेंडूंच्या मोहोरबंद पेट्या असत. आज कोणती पेटी वापरायची ते चिठ्ठी उचलून ठरे. मग हातमोजे घालून ती एकेक चेंडू काट्यावर ठेवी आणि तपासनीस वजन मोठ्याने वाची. एखादा चेंडू केसभर जड निघाला तरी अख्खी पेटी बाद. त्यानंतर यंत्राच्या रंगीत तालमी होत. संध्याकाळी कॅमेरे सुरू झाले की सूत्रसंचालिका हसून नमस्कार करी, ही बटण दाबी, काचेच्या पिंपात वाऱ्याच्या झोताने एकोणपन्नास चेंडू उसळायला लागत आणि त्यातले सहा एकामागून एक नळीतून वर येत. बटण दाबल्यानंतर तिच्या हातात काही उरत नसे. तिने बटण दाबलं काय आणि मांजराने दाबलं काय, यंत्राला सारखंच.

नोकरीला लागताना तिने एका नियमाखाली सही केली होती. कर्मचाऱ्याने आणि त्याच्यासोबत एका छपराखाली राहणाऱ्या कोणीही लॉटरीचं तिकीट घ्यायचं नाही. घेतलं आणि लागलं, तर बक्षीस मिळणार नाही.

हे तिने त्याच रात्री जेवताना घरात सांगितलं. घरात माणसं तीनच: ती, नवरा आणि सासूबाई. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तो म्हणाला, "आपलं काय जातंय? माझं नशीब रोज वर-खाली करतच असतं, त्याला तिकीट कशाला लागतं?"

सासूबाई म्हणाल्या, "बरं."

सासूबाईंचं 'बरं' दोन प्रकारचं असे. एक, 'बरं, तसं करू.' दुसरं, 'बरं, ऐकलं.' कानाला दोन्ही सारखंच वाटे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही सुनेला त्यातला फरक ओळखता येत नव्हता, आणि सासूबाईंची ती सोयच होती.

सासूबाई शाळेत शिपाई होत्या. निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांनी लॉटरी खेळायला सुरुवात केली होती, म्हणजे सुनेच्या या नोकरीच्या कितीतरी आधी. आठवड्याला एक तिकीट. कधी दोन नाहीत, कधी उसने पैसे नाहीत. त्या स्वतःच सांगत, "तुझे सासरे विड्या ओढायचे. माझं हे. माझ्यात निदान धूर होत नाही." आकडे कायम तेच सहा: दोन मुलांच्या जन्मतारखा, स्वतःची लग्नाची तारीख, घराचा क्रमांक, आणि शेवटचे दोन कुठले तर 'असेच आवडले म्हणून' घेतलेले.

सुनेने नियम सांगितला तेव्हा त्यांनी सोडायचा विचार केलाही होता. पण अडचण अशी की आकडे पाठ झाले होते. ज्या आठवड्यात आपण तिकीट घेणार नाही नेमके त्याच आठवड्यात ते येतील, आणि आपल्याला टीव्हीसमोर बसून ते उघड्या डोळ्यांनी बघावं लागेल, ही भीती त्यांच्या मनातून जाईना. यंत्राला मागचं काही आठवत नाही, कुठल्याही सहा आकड्यांची शक्यता दर वेळी तेवढीच, हे सुनेने त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं. तेव्हाही त्या "बरं" म्हणाल्या होत्या.

तर सासूबाई दर बुधवारी सकाळी पाव आणायला बाहेर पडत आणि येताना कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याकडून एक तिकीट घेत. तिकीट औषधांच्या डब्यात, रक्तदाबाच्या गोळ्यांखाली ठेवत. आजवर दोनदा किरकोळ बक्षीस लागलं होतं. त्याची त्यांनी एकदा छत्री घेतली आणि एकदा घरात सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. आइस्क्रीम कशाबद्दल, असं कोणी विचारलं नाही.

मग एका बुधवारी ते घडलं.

सोडत नेहमीसारखी झाली. बटणवाली घरी आली तेव्हा सासूबाई झोपायला गेल्या होत्या. एरवी त्या वाट बघत बसत. तिला वाटलं, गुडघा दुखत असेल. सकाळी ती चहा गाळत असताना सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. केस विंचरलेले नव्हते.

"सूनबाई, काल तू माझे आकडे काढलेस."

"कसले आकडे?"

"माझे. सहापैकी पाच."

तिच्या हातातली गाळणी कलंडली आणि चहाची पूड कपात पडली. तिने गाळणी मोरीत ठेवली, गॅस बंद केला, हात पुसले. मग विचारलं, "आई, तुम्ही तिकीट घेतलंत?"

"दर बुधवारी घेते."

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. मी बरं म्हणाले होते."

नवरा दात घासत घासतच बाहेर आला. त्याला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तो तसाच, तोंडात ब्रश, खुर्चीवर बसला. पाच आकड्यांचं बक्षीस म्हणजे राजवाडा नव्हे. पण गळणारं छप्पर नवं करून, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करून, वर बरीच शिल्लक राहिली असती. शस्त्रक्रिया तीन वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणून पुढे ढकलली जात होती.

चूळ भरून येऊन तो म्हणाला, "आता एक सांग. तुझ्या त्या खोलीत कोणी लबाडी करू शकतं?"

"नाही."

"तू करू शकतेस?"

"नाही म्हटलं ना. दोन कुलपं आहेत, पेटी चिठ्ठीवर ठरते, बाहेरचा माणूस सोबत असतो, चार कॅमेरे असतात. मी ठरवलं तरी एक आकडासुद्धा इकडचा तिकडे करता येणार नाही."

"मग झालं तर. लबाडी झालीच नाही, तर आईचे पैसे कोणी का अडवावेत?"

प्रश्न बरोबर होता. तिला तो नोकरीच्या पहिल्या दिवशी स्वतःलाही पडला होता. ती म्हणाली, "मला माहीत आहे लबाडी झाली नाही. तुला माहीत आहे. पण बाहेर लाखो लोक तिकीट घेतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना काहीच मिळत नाही, तरी ते गप्प बसतात. कारण त्यांना वाटतं, आपल्याला नाही लागलं तर नशिबाने नाही लागलं. बटण दाबणारीच्या सासूला लागलं हे कळल्यावर त्यातला एक तरी माणूस असं म्हणेल?"

"कळेल कशाला?"

"कारण एवढी रक्कम दुकानात मिळत नाही. मुख्य कार्यालयात यावं लागतं, ओळखपत्र दाखवावं लागतं, पत्ता द्यावा लागतो. पत्ता माझाच आहे."

सासूबाई म्हणाल्या, "बटण तुझं असेल. नशीब माझं होतं." आणि आपल्या खोलीत गेल्या.

त्याच संध्याकाळी नणंद आली. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि वर दोन खोल्यांचं घर. भावाने तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली.

"सोपं आहे. तिकीट मी घेऊन जाते. माझ्या नावावर घेते. मी कुठे तुमच्या घरात राहते?"

"मागे सही आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कसली सही?"

"तिकिटाच्या मागे. माझी. तारीखसुद्धा घातली आहे."

नणंदेने कपाळाला हात लावला. "आई, सही कशाला केलीस गं?"

सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं. "हिनेच तर एकदा सांगितलं होतं. शेजारच्या बाईंचं तिकीट हरवलं होतं तेव्हा. सही नसलेलं तिकीट म्हणजे रस्त्यावर पडलेली नोट, ज्याच्या हातात त्याचं. घेतल्या घेतल्या मागे सही करायची म्हणाली. म्हणून मी दुकानातच करते, तिकीटवाल्याचं पेन घेऊन."

खोलीत कोणीतरी हसलं असतं, पण तशी वेळ नव्हती. नवऱ्याने दुसरी वाट काढली. सही आईची असेना का; आई लेकीकडे राहते असं सांगायचं. गेल्या वर्षापासून. दुकानाला मदत करते म्हणून. नणंद लगेच तयार झाली. शेजारचे दोघे साक्ष देतील म्हणाली. बोलता बोलता आईची गादी कुठल्या भिंतीला घालायची, इथपर्यंत ते दोघं बहीण-भाऊ पोचले.

बटणवाली भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्या लक्षात आलं की आपल्याला कोणी विचारलेलंच नाही. मग नवऱ्याने विचारलं, पण तेही असं: "तुला काही करायचं नाही. तू फक्त गप्प बसायचं."

"आणि शनिवारी जाऊन पुन्हा बटण दाबायचं?"

"हो. नेहमीसारखं."

सासूबाई पोरांकडे बघत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर कार्यालयात गेली आणि साहेबांच्या दाराबाहेर उभी राहिली. साहेब डब्याची पिशवी हातात घेऊन आले. तिने उभ्याउभ्याच सांगितलं: माझ्या सासूबाईंनी तिकीट घेतलं, त्या माझ्या घरात राहतात, बुधवारच्या सोडतीत त्यांचे पाच आकडे आले, ते बटण मी दाबलं होतं. चार वाक्यं. घरात काय बेत शिजला होता ते तिने सांगितलं नाही. ते अजून घडलेलं नव्हतं, आणि घडलं असतं तरी सांगितलं असतं की नाही, हे तिला स्वतःलाही ठरवता आलं नसतं.

साहेबांनी पिशवी टेबलावर ठेवली. ते वाईट गृहस्थ नव्हते. "बाई, तुम्ही बोललात हे उत्तम केलंत," ते म्हणाले, आणि त्याच दमात सोडतीच्या खोलीची किल्ली मागून घेतली. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिने त्या खोलीत पाऊल टाकायचं नव्हतं.

घरी काय झालं हे सांगायला नको. नवऱ्याने आवाज चढवला नाही. त्याचा राग बोलण्यातून नाही, न बोलण्यातून येई. तो आपलं ताट स्वतः धुऊन ठेवायला लागला. एरवी तिने सांगून सांगून जे होत नव्हतं ते अशा रीतीने झालं. सासूबाईंनी कपाटातले कपडे दोन पिशव्यांत भरले आणि लेकीला फोन केला. निघताना त्या दारात थांबल्या.

"मला आधी सांगायचं होतंस. मी काय पळून जात होते?"

"आई, सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं?"

"ते तू मला विचारायला हवं होतंस," सासूबाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या. गुडघ्यामुळे एकेक पायरी घेत, कठड्याला धरून. सून पिशव्या घ्यायला पुढे झाली तर त्यांनी पिशव्या दुसऱ्या हातात घेतल्या.

शनिवारची सोडत दुसऱ्याच कोणीतरी पार पाडली. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली, की एका बक्षिसाची चौकशी चालू आहे. नाव नव्हतं. गल्लीला नावाची गरज नव्हती. दूधवाला तिला बघून अर्थपूर्ण हसला. शेजारच्या बाईंनी जिन्यात हळूच विचारलं, "मला एकच सांगा, पुढचे आकडे कोणते?" तिने हसण्यावारी नेलं. पण दाराला आतून कडी लावल्यावर ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. दुपारभर चेंडू तोलायचे ते याच प्रश्नाला जागा राहू नये म्हणून. आणि तो आता तिच्याच जिन्यात विचारला जात होता.

चौकशीसाठी सासूबाईंना बोलावणं आलं तेव्हा लेक त्यांना गाडीने घेऊन आली. वाटेत तिने उत्तरं पक्की करून घेतली. कुठे राहता? लेकीकडे. कधीपासून? गेल्या वर्षापासून. सुनेकडे जाणं-येणं? सणासमारंभापुरतं. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत "बरं, बरं" म्हणत राहिल्या.

कार्यालयाच्या वऱ्हांड्यात सून बाकावर बसली होती. तिचा जबाब आदल्या दिवशी झाला होता. आज तिला फक्त गरज पडली तर असावी म्हणून थांबवून घेतलं होतं. सासूबाई समोरून गेल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

आत तिघं होते: साहेब, साक्षीसाठी बसवलेला तो तपासनीस आणि एक वकीलबाई. टेबलावर एक पडदा लावला होता. त्यावर बुधवारच्या सोडतीचं चित्रण थांबवून ठेवलं होतं. चित्रण बाजूच्या कॅमेऱ्याचं होतं, टीव्हीवर कधी न दिसणारं. त्यात सून यंत्रापाशी उभी होती, हातमोजे घातलेली, आणि तपासनीस तिच्यामागे दोन पावलांवर. कोणीतरी त्यावर तिच्या हाताभोवती लाल गोल काढला होता.

"हा गोल कशाला?" सासूबाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

वकीलबाई म्हणाल्या, "काही नाही, आजी. आम्ही प्रत्येक हालचाल तपासली. हात कुठे होता, किती वेळ होता."

"सापडलं काही?"

"नाही. सोडत अगदी नीट झाली आहे. पण तिकीट नेमकं त्यांच्या घरातलं निघालं, म्हणून पाहावं लागलं. आणि आज तुमच्या सांगण्यात काही कमी-जास्त निघालं, तर पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागेल."

सासूबाई खुर्चीवर टेकल्या. त्यांनी त्या लाल गोलाकडे बराच वेळ पाहिलं. शाळेत त्या परीक्षेच्या काळात प्रश्नपत्रिकांच्या मोहोरबंद पिशव्या वर्गावर्गात पोचवत. ज्या वर्षी मुलाची परीक्षा होती त्या वर्षी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, या वेळी तुमची ड्यूटी पलीकडच्या शाळेत. तेव्हा त्यांना रडू आलं होतं. मी काय माझ्या पोराला पेपर फोडून देणार होते? त्या रडत रडतच पलीकडच्या शाळेत गेल्या. मुलगा जेमतेम पास झाला आणि कोणी एक शब्द बोललं नाही. बोलायला जागाच नव्हती.

वकीलबाईंनी विचारलं, "तिकीट घेतलंत त्या दिवशी तुम्ही कुठे राहत होता?"

"सुनेच्या घरी."

"आणि आता?"

"आता लेकीकडे. रुसून गेले आहे."

तपासनिसाने खोकल्यासारखं केलं.

"नियम तुम्हाला माहीत होता?"

"होता. तिने जेवताना सांगितला होता, मुलगाही होता समोर. मी ऐकला नाही, त्यात तिचा काय दोष? तिने तर मी तिकीट घेतल्याचं पहिल्यांदा त्या सकाळी ऐकलं. तिच्या हातातली गाळणी कलंडली." त्यांनी पर्स उघडली, गोळ्यांच्या पाकिटातून तिकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हे घ्या. आणि तो लाल गोल पुसा आधी."

वऱ्हांड्यात परत आल्यावर लेक उठून उभी राहिली. "काय म्हणालीस?"

"खरं म्हणाले," सासूबाई म्हणाल्या. "तू रागावू नकोस. तू गाडी छान चालवतेस." मग सुनेसमोर येऊन म्हणाल्या, "तू मला आधी सांगायला हवं होतंस, यावर मी अजून ठाम आहे."

"हो," सून म्हणाली. "चुकलं माझं."

"बरं."

हे 'बरं' कोणतं ते या वेळी तिला कळलं.

निकाल ठरल्यासारखाच लागला. सोडत निर्दोष, तिकीट बाद. रक्कम त्या निधीत गेली जिथे दावा न केलेली सगळी बक्षिसं जातात. त्यातून कुठे कुठे मुलांची मैदानं आणि दवाखान्यांची यंत्रं होतात. कोपऱ्यावरचा तिकीटवाला सगळ्यात जास्त हळहळला. 'येथे विकलेल्या तिकिटाला मोठे बक्षीस लागले' असा फलक त्याने रंगवायला टाकला होता, तो अर्ध्यातच थांबवावा लागला, आणि रंगाऱ्याने पैसे पूर्ण घेतले.

बटणवालीची नोकरी राहिली. खोली मात्र गेली. साहेब म्हणाले, "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, बाई. पण उद्या कोणी विचारलं तर त्याला माझा विश्वास दाखवता येत नाही." तिला हे पटलं आणि लागलंही. तिची बदली खालच्या मजल्यावर, चौकशीच्या फोनवर झाली. एका खोलीत सहा टेबलं, सहा फोन आणि सतत रिकामा होणारा पाण्याचा मोठा जार.

नवऱ्याचा अबोला हळूहळू सुटला. आधी "दार लावलं का," मग "उद्या पाणी येणार नाही," असा. एके दिवशी तो ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करत होता तिथल्या एका रहिवाशाने त्याला विचारलं, सोडतवाली तुमचीच का, आतून काय काय चालतं हो? त्याने पाना खाली ठेवून त्या माणसाला दोन कुलपं, चिठ्ठी, काटा, कॅमेरे असं सगळं ऐकवलं, अर्धा तास. वर लिफ्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ अडकलेले होते, ते तेवढा वेळ थांबले. हे त्याने घरी येऊन स्वतःच सांगितलं. शस्त्रक्रियेसाठी त्याने कामावरून कर्ज काढलं. पुढचं वर्ष शेवटी आलं.

सासूबाई लेकीकडे महिनाभर राहिल्या. तिथे राहून तिकीट घ्यायला नियमाची काही हरकत नव्हती. त्याची त्यांनी मुद्दाम फोन करून सुनेकडून खात्रीही करून घेतली. पण फोन केला त्या आठवड्यात तिकीट घेतलं नाही. सोडत बघायला मात्र बसल्या, गॅसवरची भाजी करपली तरी उठल्या नाहीत. त्यांचा एकही आकडा आला नाही. पुढच्या आठवड्यात एक आला. त्यापुढच्या बुधवारी लेकीच्या दुकानात गर्दी होती, त्या टॉवेलांच्या घड्या करत बसल्या आणि सोडत होऊन गेल्याचं त्यांना गुरुवारी आठवलं. त्याच रविवारी त्या दोन पिशव्या घेऊन परत आल्या. केस वाळवायच्या यंत्रांच्या आवाजाने डोकं उठतं, हे कारण त्यांनी सांगितलं. कोणी दुसरं कारण विचारलं नाही.

खालच्या मजल्यावरचं काम बटणवालीला सुरुवातीला कंटाळवाणं वाटलं. लोक ठरावीक तेच विचारत. बक्षीस किती दिवसांत घ्यायचं, तिकीट भिजलं तर काय, जन्मतारखा लावल्या तर जास्त वेळा लागतं का. काही फोन वेगळे असत. एक माणूस दर दोन-तीन दिवसांनी फोन करून, आज किती तिकिटं घेऊ, असं विचारी. आवाजावरून तरुण. तिने त्याला पहिल्यांदा सांगितलं तेच दर वेळी सांगितलं: जेवढे पैसे रस्त्यात पडले तरी झोप लागेल तेवढ्याचंच घ्या, आणि हरलेले पैसे परत मिळवायला कधी घेऊ नका. मग एकदा तिने वाट वाकडी करून विचारलं, "घरी माहीत आहे का?" त्याने तिकिटाची किंमत विचारली. तिने त्याला दुसऱ्या एका केंद्राचा क्रमांक दिला, जिथे स्वतःचंच नाव देऊन खेळण्यावर स्वतःला बंदी घालून घेता येते. तो पुन्हा फोन करीनासा झाला. त्याने ते केलं की तो दुसरीकडे वळला, हे तिला कधीच कळलं नाही.

आणि एके दुपारी एका आजींचा फोन आला. त्या हर्षाने एका दमात बोलत होत्या. त्यांना मोबाइलवर निरोप आला होता की राष्ट्रीय लॉटरीत तुम्हाला पहिलं बक्षीस लागलं आहे. फक्त कर आणि टपालखर्च म्हणून आधी काही रक्कम भरा. त्या बँकेतूनच बोलत होत्या. रांगेत त्यांचा पुढचा नंबर होता.

"आजी, रांगेतून बाहेर या," ती म्हणाली.

"अगं, पण माझा नंबर गेला तर?"

"जाऊ दे. आधी मला सांगा, तुम्ही तिकीट कुठून घेतलं होतं?"

"तिकीट? तिकीट तर मी घेतलंच नाही. नातू खेळत असेल माझ्या नावावर, असं वाटलं."

"आजी, न घेतलेलं तिकीट लागत नाही. आणि लागलेल्या बक्षिसासाठी आम्ही कोणाकडून आधी पैसे घेत नाही. एक दमडी नाही. जो मागतो तो आमचा माणूस नाही."

पलीकडे बँकेतले आवाज येत राहिले. कोणीतरी टोकन क्रमांक पुकारला. मग आजी म्हणाल्या, "म्हणजे मला काहीच मिळालं नाही?"

"नाही, आजी."

"मी लेकीला सांगूनसुद्धा बसले गं."

"तिला सांगा, फोन केला होता, खोटं निघालं. ती रागावणार नाही."

"तुला काय माहीत माझी लेक?" आजी जरा तडकून म्हणाल्या, आणि मग थोड्या मऊ आवाजात, "बाहेर आले बघ मी रांगेतून. इथे बसायला खुर्ची आहे."

"बसा थोडा वेळ. पाणी प्या. मी आहे फोनवर."

आजी बसल्या. त्यांनी नातवाबद्दल सांगितलं, बँकेतल्या कारकुनाबद्दल सांगितलं, पायाच्या सुजेबद्दल सांगितलं. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी हाताने खुणा करून विचारत होता, किती वेळ? तिने हात वर करून त्याला थांबवलं, फोन खांद्याने कानाशी धरला आणि जारमधून स्वतःसाठी पाणी ओतून घेतलं.